डावी कूस

सकाळी सफाईच्या मावशीने स्त्रियांच्या खोलीचे पडदे सरकवले, फिनेलच्या पाण्याची बादली दारात ठेवली आणि पहिल्या खाटेपासून चादरी ओढायला सुरुवात केली. प्रत्येक खाटेशेजारच्या टेबलावर प्लास्टिकचा एक पेला होता, काठोकाठ भरलेला. नव्या परिचारिकेला ते नीटनेटकेपणाचे लक्षण वाटले.

आजचा दिवस तिच्या परीक्षेचा होता. काम पसंत पडले, तर उद्यापासून या शुश्रूषागृहातली नोकरी पक्की. ती तिला हवीच होती. दोन मोठ्या रुग्णालयांना तिने नकार कळवला होता, कारण दोन्हीकडे रात्रपाळी सक्तीची. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेलेली. रात्री काही हवे असले की त्या वाटीवर चमचा वाजवत आणि ही उठे, पाणी पाजी, कूस बदलून देई. नवऱ्याची झोप अशी, की उशाशी ढोल बडवला तरी घोरण्याचा ताल चुकायचा नाही. शिवाय, "मला नाही जमत गं ते, तू शिकलेली आहेस," हे त्याचे ठरलेले उत्तर.

"आमच्याकडे रात्रपाळी नाही," असे डॉक्टरीणबाईंनी मुलाखतीत सांगितले, तेव्हा ते शब्द तिच्या कानांना इतके गोड लागले की पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही.

"नशीब काढलंस बाई," उशीचा अभ्रा झटकत मावशी म्हणाली. "संध्याकाळी हात धुवायचे की थेट घर. माझी भाची मोठ्या दवाखान्यात आहे. रात्र-रात्र जागून पोरीच्या डोळ्यांखाली काजळाची डबी सांडलीय नुसती."

परिचारिका हसली. खिडकीजवळच्या खाटेवर एक कृश आजी डाव्या कुशीवर पडून होत्या. त्यांचे उजवे अंग लुळे होते. ती अंग पुसायला वाकली, तशी त्यांनी तिचे मनगट धरले.

"तू दिवसाची की रात्रीची?"

"दिवसाची, आजी."

आजींनी मनगट सोडले आणि मान भिंतीकडे वळवली. चुकीचे दार वाजवणाऱ्याने मागे फिरावे, तशी.

तिने त्यांना हलक्या हाताने उजव्या कुशीवर घेतले. डाव्या खुब्यावर तळहाताएवढा लाल डाग होता. तिने तो बोटाने दाबला. दाबल्यावर कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी होती. पडली नाही. हा डाग तासाभराचा नव्हता. काल संध्याकाळी ज्या कुशीवर हा देह ठेवला गेला, त्याच कुशीवर त्याने सकाळ पाहिली होती. शेजारच्या खाटेवरही तसाच डाग निघाला. त्या पलीकडे तर कातडी सोलली होती.

मोठी सिस्टर औषधांचा ट्रे लावत होती.

"रात्री इथे कोण असतं?"

"वॉचमन असतो ना खाली."

"आणि वर?"

"वर कशाला? संध्याकाळची गोळी पोटात गेली की सगळे चिडीचूप. माझ्या इतक्या वर्षांत एकाही पेशंटनं रात्री हाक मारल्याची तक्रार नाही."

"मारली तर ऐकणार कोण?"

मोठ्या सिस्टरचा हात ट्रेवर थांबला. मग ती मऊ आवाजात म्हणाली, "तुलाच रात्रपाळी नको होती ना?"

दिवसभर परिचारिका खाटेमागून खाट फिरत कुशी बदलत राहिली. संध्याकाळी गोळ्या वाटल्या गेल्या. सगळ्यांनी शहाण्या मुलांसारखी तोंडे उघडली आणि दिवा मालवण्याआधीच डोळे मिटले. मावशीने पेले पुन्हा काठोकाठ भरले आणि टेबलांवर ठेवले. परिचारिकेच्या आता लक्षात आले, की खाटेवरून कोणाचाही हात त्या टेबलांपर्यंत पोहोचत नव्हता.

"हात चांगला आहे तुझा," जाताना मोठी सिस्टर म्हणाली. "उद्यापासून ये."

गणवेश बदलून, खांद्याला पर्स लावून ती जिन्यापर्यंत आली. तिथेच थांबली. नवऱ्याला फोन लावला.

"आज आईंची कूस तुम्ही बदला. दोनदा तरी. आणि वाटी वाजली की उठायचं."

"अगं, पण तिथे रात्रपाळी नाही म्हणालीस ना?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच."

"बघतो," तो म्हणाला.

"बघू नका. उठा."

तिने चपला जिन्याच्या तोंडाशी काढून ठेवल्या आणि ती अनवाणी परत फिरली. खाली वॉचमनने शटर ओढले. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.

खोली अंधारी होती. ती चाचपडत खिडकीजवळच्या खाटेपाशी गेली आणि आजींच्या पाठीखाली हात सरकवला. त्यांच्या मुठीतून काहीतरी ओलसर तिच्या बोटांवर पडले. अर्धवट विरघळलेली गोळी.

"कोण?" आजी कुजबुजल्या. "रात्रीची?"

"हो आजी, रात्रीची."

मग शेजारच्या खाटेवरून कोणीतरी पाणी मागितले. मग दारापासच्या खाटेवरून. मग भिंतीपलीकडून, पुरुषांच्या खोलीतून. कोणीच झोपलेले नव्हते.