काचेमागची गादी

गादीवाल्याच्या दुकानात तीन महिन्यांत एकच उशी खपली होती, आणि तीही मेव्हण्याने आठवड्याभरात परत आणून दिली. "विकून टाका एकदाचं ते दुकान," बायको म्हणाली. वडिलांनी थाटलेलं दुकान, त्यामुळे गादीवाल्याचा पाय निघत नव्हता. तरी मन घट्ट करून त्याने दुकान घेऊ म्हणणाऱ्या एका माणसाला बोलावलं.

त्या माणसाने भिंती ठोकून पाहिल्या, शटर दोनदा वरखाली केलं आणि "माल कसाय बघू," म्हणत काचेमागच्या गादीवर आडवा झाला. दुसऱ्या मिनिटाला तो घोरायला लागला. एवढा मोठा व्यवहार करायला आलेल्या माणसाला हलवून उठवायचं कसं? गादीवाल्याने हळूच त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

तासाभरात काचेबाहेर गर्दी जमली. एक आजीबाई आत आल्या.

"गेला का हो?"

"नाही आजी, झोपलाय."

"भरदुपारी? इतका गाढ?" असं म्हणून आजींनी तश्शीच गादी घरी पाठवायला सांगितली. संध्याकाळपर्यंत सहा गाद्या गेल्या. सातव्या गिऱ्हाइकाने तर गादीबरोबर माणूसही मिळतो का, अशी चौकशी केली.

दिवे लागले तसा तो उठला. गादीवाल्याने त्याच्यापुढे हातच जोडले. "माफ करा साहेब, मला दुकान विकायचं नाही."

"विकूच नका," तो जांभई देत म्हणाला. "मालक झालो तर मला जागं राहावं लागेल. त्यापेक्षा नोकरीला ठेवा."