फाईलवरचा शेरा

"गोळ्या चुकवता तुम्ही, शालनबाई. खोटं बोलू नका." समुपदेशक मॅडमनी माझ्या एचआयव्हीच्या फाईलवर लाल पेनाने तसा शेरासुद्धा मारला. रिपोर्टमध्ये विषाणू वाढले होते ना!

माझं डोकंच फिरलं. पिशवीतलं कॅलेंडर काढून मी टेबलावर पसरलं. चार महिने, एकही तारीख खुणेशिवाय नाही. सकाळी नगरपालिकेचा भोंगा झाला की गोळी. सासू गेली त्या दिवशी अंगणात लोक तिरडी बांधत होते, तेव्हाही मी मोरीत जाऊन गोळी गिळली होती.

"खुणा काय, कुणीही करतं," मॅडम म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरच्या नव्या डॉक्टरांनी कॅलेंडर ओढून घेतलं. "निळी खूण या गोळीची. मग लाल कसली?"

"टीबीच्या गोळ्यांची. समोरच्या खिडकीवर मिळतात."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मॅडम, टीबीच्या औषधाने या गोळीचा जोर कमी होतो. यांना संध्याकाळी आणखी एक द्यायला हवी होती. टीबीचं कुणी कळवलं नाही?"

"दर महिन्याला दोन्ही कार्डं दोन्ही खिडक्यांवर ठेवते मी," मी म्हटलं. "तुम्ही आपापलं तेवढं बघता."

मॅडमनी घाईघाईने दुसरी डबी पुढे केली. "असू दे. आजपासून दोन घ्या."

"घेईन की." मी फाईल त्यांच्यासमोर सरकवली आणि लाल पेन वर ठेवलं. "आधी तो शेरा खोडा. आणि खाली लिहा, दुसरी गोळी आम्ही दिलीच नाही."