पिवळा ठिपका

"बदलू या का, साहेब?" शर्यतीच्या मोटरसायकलपाशी उकिडव्या बसलेल्या रायडरने विचारलं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर, परीक्षकांनी लावलेल्या पिवळ्या ठिपक्याशेजारी, केसाएवढा तडा गेला होता.

साहेब म्हणजे ही गाडी बनवणारे मुख्य इंजिनिअर. त्यांनी वाकून पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"ठिपका मोडला की पदक गेलं. एकही भाग न बदलता गाडी शेवटपर्यंत न्यायची, त्याचंच तर पदक आहे! आता एक डोंगर उरलाय. काही होत नाही रे."

"गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावालाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"ती त्याची चूक होती. अहवालात आलंय तसं. घाबरला असशील तर सांग. रायडर पैशाला पासरी मिळतात."

अहवाल साहेबांनीच लिहिला होता. धाकट्याला स्मशानात पोहोचवायला आले तेव्हा फुलं मात्र भरपूर आणली होती. रायडरच्या आईने त्या दिवसापासून गाडीचा आवाज आला की दार लावून घ्यायला सुरुवात केली.

रायडरने हेल्मेट चढवलं.

डोंगराच्या उतारावर त्याने पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही; तो दाबला की सगळा भार त्या तड्यावर येणार होता. गिअर उतरवत, नुसत्या मागच्या ब्रेकवर, जीव मुठीत धरून तो खाली आला. "गोगलगाय आली, गोगलगाय!" कडेचे लोक ओरडत होते. ओरडू देत. त्याला घरी जायचं होतं.

परीक्षकांनी ठिपके तपासले. सगळे शाबूत. त्यांचं काम ठिपके बघायचं, ते त्यांनी चोख केलं. पदक साहेबांच्या गळ्यात पडलं आणि रायडरचं नाव घ्यायचं राहून गेलं.

तो फोर्क पुसत बसला. तड्यात आता नख जात होतं.

"काका, वरपर्यंत एक चक्कर मारून येऊ?" साहेबांची लेक धावत आली. नुकतीच नोकरीला लागलेली, गाड्यांचं वेड असलेली, बापाचा जीव की प्राण. "बाबा म्हणाले, काकांना विचार."

रायडरने वळून पाहिलं. साहेब फोटोवाल्यांच्या गराड्यात होते. त्यांनी हसत लांबूनच हात हलवला. जाऊ दे तिला.

रायडरने आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा स्वतः नीट बांधला, किल्ली हातात दिली.

"उतारावर आवरते ना हो?"

"आवरते की," तो मायेने म्हणाला. "फक्त पुढचा ब्रेक कचकन दाबायचा."