माझ्याकडे

चाकं गवताला कधी टेकली ते कळलंच नाही. जुनं विमान धावपट्टीच्या मधोमध सरळ धावलं आणि टोकाला अलगद थांबलं.

पट्टीवरच्या शेळ्या हाकलायला ठेवलेली पंचफुला काठी बगलेत धरून टाळ्या वाजवायला लागली.

"काकाजी, पोरगी तुमच्याहून बरं उतरवते!"

"मंग! शिकवलं कोणं?" पुंडलिकराव मागच्या आसनावरून उतरले आणि त्यांनी पेन काढलं.

साठ वर्षांचं हे विमान त्यांनीच गुजरातेतून तीन दिवसांत देवळीच्या या पट्टीपर्यंत आणलं होतं. गवतावर, नदीच्या वाळूवर, कुठंही उतरणारं. उद्या ते अरुणाचलला जायचं होतं, डोंगरातल्या गावांना औषधं पोचवायला. लॉगबुकात पुंडलिकरावांची सही झाली तर त्यांच्याकडे शिकणारी नालवाडीची मयुरी ते नेणार होती. नाही झाली तर कंपनीचा दुसरा पायलट नागपुरात येऊन बसलाच होता.

मयुरी पुढच्या आसनावरून हलली नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"उतर ना. सही करतो."

"नका करू, काकाजी."

"काऊन?"

"हे मी नाई उतरवलं. तुम्ही उतरवलं."

पुंडलिकराव हसले. "मी? मी तं वडनेरपासून हात गुडघ्यावर ठेवून बसलो. म्हटलं, पाहू पोरगी एकटी काय करते."

"वडनेरवर माह्या पायात गोळा आला. मी म्हटलं, तुमच्याकडे. तुम्ही म्हटलं, माझ्याकडे. मी हात काढले."

आसनं एकामागे एक होती, आणि दोन्हींपुढं विमान चालवायचा एकेक दांडा, म्हणजे स्टिक. मागच्याला पुढच्याचे हात दिसत नसत, पुढच्याला मागचा माणूसच दिसत नसे. म्हणून सोडणाऱ्यानं 'तुमच्याकडे' म्हणायचं, घेणाऱ्यानं 'माझ्याकडे' म्हणायचं, आणि ते कानावर पडल्याशिवाय स्टिक सोडायची नाही. पुंडलिकरावांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं.

"माह्या हेडफोनात तू एक शब्द नाई बोलली," ते म्हणाले.

पंचफुला शेळ्यांमागे लांब गेली होती. कापसात बाया वेचत होत्या. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं.

"आवाज कसा होता?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"तुमचाच," मयुरी म्हणाली. "पण तुमच्याहून सावकाश."

पुंडलिकरावांनी मागच्या आसनाकडे पाहिलं. तिथं त्यांनीच सोडलेला आसनाचा पट्टा पडला होता.

"रोज सहा तास उडवत आणलं मी हे," ते हळू म्हणाले. "माहा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर होत नाई. या खेपेले दुखलाच नाई. मले वाटलं, विमान हलकं हाय."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही केली तं कोणाले समजते?" पुंडलिकराव म्हणाले.

"मले समजते."

त्यांनी पेन बंद केलं. रिकाम्या आसनावरचा पट्टा घट्ट आवळून बांधला. बांधून झाल्यावर पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"एकटी जा. एक चक्कर मार आन् उतरवून दाखव. स्टिक सोडजो नको. मी खाली हावो. मी काईच म्हणणार नाई. समजलं? मी काईच म्हणणार नाई."

विमान उडालं. सोयाबीनच्या रिकाम्या वावरांवरून लांब गेलं, वळलं, परत पट्टीच्या रेषेत आलं. दोरीवरून सोडल्यासारखं सरळ येत होतं. एकही पंख हलत नव्हता. पुंडलिकराव दोन पावलं पुढं आले. इतकं सरळ नवं माणूस आणत नाही. इतकं सरळ त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

झाडांच्या उंचीवर विमान एकदम डावीकडे कललं. मग उजवीकडे. दोघांनी एकच चादर आपापल्या बाजूला ओढावी तसं. चाकं आपटली, उसळली, पुन्हा आपटली. विमान वाकडं धावत एक चाक वावरात घालून थांबलं.

"अगं माय!" पंचफुलानं कपाळावर हात मारला. "हे का उतरवणं झालं?"

पुंडलिकराव हसत हसत धावत सुटले. पोचल्या पोचल्या त्यांनी लॉगबुक पंखाच्या दांडीवर टेकवलं आणि सही केली. मग आत वाकले. मयुरीची बोटं अजून स्टिकवर आवळलेली होती. ती त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

"बोलला?"

"वळल्यापासून विमान मांगूनच राह्यला होता. आधी तुमच्या आवाजात मांगे." तिनं मागच्या रिकाम्या आसनाकडे पाहिलं. "मंग माह्या."

"मंग?"

"नाई देलं."