रविवारचं कुलूप

वीस वर्षांत चावीवाल्याने रविवारी हत्याराला हात लावला नव्हता. देवाची आज्ञा म्हणजे आज्ञा, तिच्यात डावं-उजवं करायचं नाही. चावी हरवून घराबाहेर अडकलेलं कुणी आलं, तरी “उद्या या” म्हणून तो पुन्हा बायबल उघडायचा.

एका रविवारी चर्चचीच चावी हरवली. सगळी मंडळी दाराशी उन्हात ताटकळली. पाळकसाहेबांनी हात जोडून पाहिले, पण हा ढिम्म हलला नाही.

शेवटी त्याच्या बायकोने केसांतला आकडा काढला आणि चुटकीसरशी कुलूप उघडलं.

“हे तू कधी शिकलीस?” तो चाट पडला.

 

“अहो, तुम्ही रविवारी परत पाठवलेलं एक तरी माणूस सोमवारी आलं का कधी?”