सातवा फोटो

आजोबांच्या मागे त्यांच्या फिल्मचे दोनच रोल उरले होते. एकावर नातीचा फोटो काढायचा होता. शिळ्या फिल्मला आता किती उजेड लागेल, हे कळावं म्हणून आजीने दुसरा रोल चाचणीला घेतला.

"आई, मोबाइलवर काढ की गं!" लेक हसली.

"तुझे बाबा रागाने उठून बसतील," आजी म्हणाली.

आजोबांच्या रिकाम्या खुर्चीचे तिने कमीजास्त उजेड देत सहा फोटो घेतले आणि न्हाणीघरात अंधार करून रोल धुतला.

ओली पट्टी तिने खिडकीशी धरली. सहाही फोटो फिके पडले होते. आजी खट्टू झाली.

सातवा तिने घेतलाच नव्हता. तोच तेवढा नेमका उतरला होता. त्यात कॅमेऱ्यामागे वाकलेली, एक डोळा मिटलेली आजी होती, खुर्चीतून दिसावी तशी.