हात वर करा

"गुरुजी बोलायला उभे राहिले की मोठ्या स्पीकरचा आवाज हळूहळू उतरवायचा," स्वातंत्र्यदिन समितीचे सचिव साउंडवाल्याच्या कानाशी लागून म्हणाले. "माइक एकदम बंद नको. लोकांना वाटलं पाहिजे, मशीनच बिघडलंय."

साउंडवाला व्यासपीठाच्या बाजूला मिक्सरवर वाकून वायरी जोडत होता. कार्यक्रमाला अजून अर्धा तास होता.

"त्यापेक्षा त्यांना बोलूच नका म्हणावं ना," तो म्हणाला.

"स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला, नव्वदी ओलांडलेला माणूस. त्याचा वाईटपणा कोण घेणार? गेल्या वर्षी ते काय बोलले, त्याचा खुलासा तीनदा लिहून दिलाय मी." सचिवांनी रुमालाने मान पुसली. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता, आणि भीती वाटून घ्यायला त्यांना आणखी कुणीतरी हवं होतं. "समितीची वर्षभराची कामं तुलाच मिळतात, हे काही मी सांगायला नको."

सांगून झाल्यावर सांगायला नको म्हणायची त्यांची पद्धतच होती.

गुरुजी काठी टेकत आले ते थेट मिक्सरपाशी. साउंडवाल्याला त्यांनी शाळेत शिकवलं होतं, त्याच्या बापालाही. दोघांच्याही डोक्यात गणित शिरलं नाही, हे ते भेटेल त्याला अजून सांगत.

"माझा छोटा स्पीकर ठेवलास ना पायाशी?" त्यांनी विचारलं. त्यांना ऐकू कमी यायचं. तो स्पीकर पायाशी असला तरच त्यांना स्वतःचं बोलणं कळायचं.

"ठेवलाय, गुरुजी."

"यंदा येणार नव्हतो रे. रोज पेपर उघडावा तर कुणाला तरी बोलल्याबद्दल आत टाकलेलं. म्हटलं, आपण कसला आनंद साजरा करायला जायचं? आणि सकाळी बघतो तर इस्त्रीचे कपडे चढवून मी तयार." ते हसले. "राहवत नाही. पण घशाखाली घासही उतरत नाही. म्हणून ठरवलंय, आज लोकांनाच विचारायचं. असं मला एकट्यालाच होतं का ते."

साउंडवाल्याला तेव्हाच सांगता आलं असतं. तो जोडून झालेली वायर पुन्हा तपासत राहिला.

झेंडा चढला. राष्ट्रगीत झालं. पाहुण्यांचं भाषण मैदानापलीकडच्या दवाखान्यातल्या रोग्यांनीसुद्धा ऐकलं असेल, इतकं खणखणीत गेलं. मग गुरुजी उभे राहिले.

पहिली दोन वाक्यं त्याने जाऊ दिली. मग मोठ्या स्पीकरच्या आवाजाच्या सरकपट्टीवर बोट ठेवलं आणि दर वाक्याला ती केसभर खाली आणत गेला. काम नाजूक होतं. ते आपल्याला इतकं छान जमतंय हे बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायाशी ठेवलेला छोटा स्पीकर मात्र त्याने तसाच चालू ठेवला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बंद पडला असता तर गुरुजी थांबले असते, सगळ्यांदेखत त्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं असतं. ती अक्कल त्याची स्वतःची.

व्यासपीठाजवळ असल्याने त्याला सगळं ऐकू येत होतं.

"झेंड्याकडे बघितलं की आजही माझा ऊर भरून येतो," गुरुजी सांगत होते, "आणि त्याच वेळी भीती वाटते. मिळालेलं आपण वापरतच नाही. न वापरलेली वस्तू कुणी उचलून नेली तरी घरात कळत नाही. ही भीती तुम्हालाही वाटते का? वाटत असेल त्यांनी हात वर करा."

मागच्या लोकांना फक्त ओठ हलताना दिसत होते. एका बाईने कानाला हात लावला, मग तोच हात उंच करून हलवला. ऐकू येत नाही, अशी खूण. तिच्यामागे आणखी एकाने केला, मग चार-पाच जणांनी, मग अख्ख्या मागच्या मैदानाने. "आवाज वाढवा" असं कुणी ओरडलंही, पण ते गुरुजींपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. पहिल्या रांगेत, जिथे त्यांचा शब्दन्‌शब्द पोचत होता, तिथे सगळे हात मांडीवर होते.

गुरुजी बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि पुढे काही न बोलता खाली बसले.

"सुंठीवाचून खोकला गेला," सचिव जाता जाता पुटपुटले आणि साउंडवाल्याच्या पाठीवर थाप मारून गेले. त्याला ती थाप झटकून टाकावीशी वाटली. त्याने टाकली नाही.

गर्दी पांगल्यावर तो वायरी गुंडाळत होता, तेव्हा गुरुजी पुन्हा आले.

"बघितलंस?" त्यांनी काठी मैदानाच्या टोकाकडे केली. "पार मागपर्यंत हात. मला वाटायचं, मीच एकटा उरलोय. आता सुखाने झोप लागेल."

सांगायचं तर आत्ताच, जनाची नाही तर मनाची तरी बाळगून. साउंडवाल्याने तोंड उघडलं. पण त्या चेहऱ्यावरचं समाधान पुसायचं कुठल्या तोंडाने? की हीसुद्धा पळवाटच? त्याला ठरवता येईना, आणि उघडलेलं तोंड त्याने मिटून घेतलं.

"तुझा हात होता का रे वर?" गुरुजींनी विचारलं. "तू बाजूला होतास, मला दिसलं नाही."

"माझा हात मशीनवर होता, गुरुजी."

"असू दे, असू दे," त्याच्या खांद्यावर हात ठेवत गुरुजी म्हणाले. "आवाज कुणीतरी सांभाळायला हवाच ना."